कार्डावरचं माझं वाक्य

बाईंचा फोन आला तेव्हा मी पत्रकांचे गठ्ठे दोऱ्यानं बांधत होते. घशाच्या ऑपरेशननंतर बाईंचा आवाज कुजबुजण्याइतकाच उरला आहे. त्यांचा फोन घ्यायचा तर आधी पंखा बंद करावा लागतो. केला.

"अगं, माझा दशकाचा पाठ दिसत नाहीये."

"नेट नसेल, बाई."

"नेट आहे. बाकीचे दिसतात. त्याच्या जागी काळा चौकोन आलाय आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. मी काही दाबलं नाही हं."

हे शेवटचं वाक्य मी रोज ऐकते. आमच्या संघटनेच्या छापील कागदावर 'समाजमाध्यम विभाग' असा एक विभाग आहे. तो विभाग म्हणजे मी आणि काच तडकलेला माझा फोन. कुणाचा मोर्चाचा व्हिडिओ उडतो, कारण मागच्या मंडपात बँडवाला सिनेमातलं गाणं वाजवत असतो. कुणाचं भाषण मुकं होतं. कुणाचं पानच बंद पडतं. सगळे माझ्याकडे येतात आणि सगळे आधी हेच सांगतात, मी काही दाबलं नाही. या लोकांना आयुष्यभर इतक्या वेळा गुन्हेगार धरलंय की यंत्र बिघडलं तरी ते आधी स्वतःची सफाई देतात. मला याचा राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, आणि ही हकीकत त्या रागाने काय नासवलं त्याचीही आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

बाई नाशिकरोडला आमच्याच कॉलनीत राहतात, तीन गल्ल्या पलीकडे. जिल्हा परिषदेची सगळी नोकरी त्यांनी हरसूलच्या बाजूला डोंगरातल्या शाळेत काढली. सोमवारी पहिल्या एसटीनं जायचं, शनिवारी परत. तिकडच्या मुलांना आपली पुस्तकातली मराठी परकी. बाईंनी आधी मुलांची बोली मुलांकडून शिकून घेतली आणि मग त्या बोलीतून त्यांना मराठीत आणलं. वरून कुणी तसं सांगितलं नव्हतं. उलट एका तपासणीत 'शिक्षिका अशुद्ध बोलतात' असा शेरा मिळाला होता. बाई तो शेरा हसत सांगतात. मी तो ऐकून हसू शकत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पाठ चित्रित करायला सुरुवात केली. कारण साधं होतं. दिवाळी झाली की तिकडची घरंच्या घरं दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि होळीला परत जातात. मुलं सोबत. शाळेच्या हजेरीत ती मुलं 'स्थलांतरित' असतात आणि बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कुणीच नसतात. पण शेडमध्ये एखादा तरी फोन असतो. "एका फोनला चार मुलं चिकटली तरी माझा वर्ग भरला," असं बाई म्हणायच्या. स्वयंपाकघराच्या दाराला फळा टांगलेला, समोर बाई, आणि फोन हातात धरायला त्यांचे यजमान. ते एका कचेरीत कारकून होते, पण बाईंचे म्हणून सगळी कॉलनी त्यांनाही सरच म्हणायची. दहा काड्या सुतळीनं बांधल्या की एक दशक. नागलीच्या भाकरीचे चार तुकडे म्हणजे पाव. असे सत्त्याऐंशी पाठ. मधेच कुकरची शिट्टी, मधेच खिडकीखालून "मेथीऽऽ, कोथिंबीरऽऽ", आणि सर खोकले की चित्र हलायचं. ते काढून टाकायला कुणाला येत नव्हतं. मुलांना ते आवडायचं. खोकला आला की शेडमध्ये पोरं ओरडायची म्हणे, "सर आले!"

फोन भरला की बाई जुने पाठ फोनमधून पुसून टाकत. "तिकडे चढवलेत ना, मग आहेतच की." तिकडे म्हणजे त्या व्हिडिओच्या साईटवर. मीच त्यांना सांगितलं होतं, तिथं सुरक्षित राहतात.

सर गेले. त्यांचं पुण्यानुमोदन विहारात झालं. आमच्यात अशा वेळी धम्मदान म्हणून एखादी पुस्तिका छापून वाटतात. बाई म्हणाल्या, पुस्तिका नको, पाठ वाटू. तोवर झालेले चाळीसेक पाठ मेमरी कार्डांत भरले आणि प्रत्येक कार्डासोबत एक छापील चिठ्ठी द्यायची ठरली. चिठ्ठीचा मजकूर अर्थात माझ्याकडे. पत्रक लिहायला मला संघटनेतल्या एका जुन्या दादांनी शिकवलं. पहिल्या ओळीत अन्याय कोण करतोय ते, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते, आणि मधे वाचणाऱ्याला थंड होऊ द्यायचं नाही. आणि पत्रकाखाली नाव कधीच घालायचं नाही, फक्त 'प्रती काढा, पुढे द्या'. मी चिठ्ठीवर लिहिलं:

'धम्मदान. या पाठांवर कुणाचीही मालकी नाही. ज्याला हवे त्याने वापरावे, वाढवावे, वाटावे.'

विहारात वंदनेनंतर कुणीतरी ते माइकवर वाचलं. बायकांनी माना हलवल्या. मागे उभी राहून मी स्वतःवर बेहद्द खूश होते. कार्ड कोणी कोणी नेलं याची वही कुणी ठेवली नाही. दानाची वही ठेवतात का?

त्यानंतर वर्षभर बाई फोन डब्याला टेकवून पाठ करत राहिल्या. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि पाठ थांबले.

तर त्या दिवशी मी बाईंकडे गेले, काळ्या चौकोनावरचं इंग्रजी वाचलं आणि त्यांना सांगितलं, तुमच्यावर तक्रार आहे. एका शिकवणी क्लासनं म्हटलंय की हा पाठ त्यांचा आहे आणि तुम्ही तो चोरलाय.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "कुणी?"

क्लास नाशकातलाच. त्यांच्या ॲपची जाहिरात मी बसच्या पाठीवर पाहिली होती. मी त्यांनी जाहिरातीपुरता चढवलेला व्हिडिओ उघडला. बाईंचा फळा, बाईंचा हात, बाईंचा आवाज, ऑपरेशनच्या आधीचा, खणखणीत. खाली बासरी टाकलेली. कोपऱ्यात टाय लावलेला एक माणूस मान डोलावत होता, जणू त्यानंच बाईंना शिकवलंय. आणि मधे, बासरीच्या वर, स्पष्ट: "मेथीऽऽ, कोथिंबीरऽऽ."

"हा आपला मेथीवाला," बाई म्हणाल्या.

"त्यांच्या स्टुडिओत शिरला असेल टोपली घेऊन."

बाई हसल्या. आवाज नाही, फक्त खांदे हलले. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. दिवाळीला महिना होता.

"मुलं निघायच्या आत होईल ना गं परत?"

"आठवड्यात करते," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, आधी कुणी चढवलं हे बघतील आणि विषय संपेल. बाईंचा पाठ त्यांच्या कितीतरी आधीचा, तारीख तिथंच लिहिलेली. पण आधी कुणी चढवलं हे ती साईट बघत नाही. आधी तक्रार कुणी केली हे बघते. तक्रार झाली की पाठ खाली. मग ज्याच्यावर तक्रार झाली त्यानं सिद्ध करत बसायचं. अशा तीन तक्रारी उभ्या राहिल्या की सगळं चॅनेलच बंद, आणि त्यासोबत बाकीचे सगळे पाठही.

उलट म्हणणं मांडायला एक अर्ज असतो. त्यात मोजके रकाने: नाव, पत्ता, फोन, पाठ चुकून काढला गेला असं तुम्हाला का वाटतं, आणि एक शपथ. दोन ओळींचं काम होतं. 'हा पाठ मी स्वतः घरी तयार केला. त्यांच्याआधी चढवला.' संपलं.

मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी पत्रक लिहिलं. 'जिने उभी हयात खडूची भुकटी खाल्ली, त्या शिक्षिकेला चोर ठरवणाऱ्या शिक्षणाच्या दलालांनो' इथून सुरुवात केली. मधे वाचणाऱ्याला थंड होऊ दिलं नाही. हे पाठ विकायचे नाहीत, हे गरिबांच्या लेकरांसाठी दिलेलं दान आहे, यावर कुणाचीही मालकी असू शकत नाही, असं ठणकावून सांगितलं. शेवटच्या ओळीत मागणी केली. फोनकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. आणि पुरावा म्हणून काय जोडलं? ती चिठ्ठी. तिचा चांगला उजेडात, नीट फोटो काढला आणि जोडला. मला वाटलं, यानं समोरच्याला लाज वाटेल.

उत्तर चहा गाळेपर्यंत आलं. आपण दिलेल्या माहितीवरून या साहित्यावर आपला हक्क असल्याचे दिसत नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग माझंच पत्रक वाचलं. आपण होऊन, फोटोसकट, मी लिहून दिलं होतं की बाईंची यावर मालकी नाही. समोरच्याला वकील करायचीही गरज उरली नव्हती, त्याची बाजू मीच मांडली होती. आणि नंतर समजलं की आपण पाठवलेला अर्ज तसाच्या तसा तक्रार करणाऱ्याकडेही जाऊ शकतो, बाईंचं नाव, पत्ता, फोन आणि चिठ्ठीच्या फोटोसकट. आठवड्याच्या आत दुसरी तक्रार आली. नागलीच्या भाकरीचा पाठ गेला.

मी बाईंना खरं सांगितलं. म्हणजे, अर्धं सांगितलं. 'माझ्या लिहिण्यात जरा गडबड झाली' असं म्हणाले. या वेळी बरोबर अर्ज करू. मी त्यांच्या पुढ्यात फोन धरला.

"इथं एवढंच लिहायचं, हे पाठ माझे आहेत. खाली नाव. मग ही शपथ."

बाईंनी फोन परत माझ्याकडे सरकवला.

"माझे नाहीत ना पण."

"बाई, आवाज तुमचा, फळा तुमचा, साडीसुद्धा तुमची!"

"साडी माझी. पाठ दिलेत मी. सरांच्या नावानं, भंतेजींसमोर. दिलेलं आता माझं म्हणू?"

"कायद्यानं ते तुमचंच राहतं."

"कायदा तू बघ. शपथ मी घेतेय ना?"

"मग त्यांनी चोरलं ते?"

"चोरलं कुठं? घ्या म्हटलं होतं आपण. तूच लिहिलं होतंस, छान लिहिलं होतंस. त्यांनी घेतलं त्याचं मला काही नाही. मला काढून टाकलं, ते चूक. त्याला आहे का रकाना?"

त्याला रकाना नव्हता. मी खालीवर करून पाहिलं, खरंच पाहिलं. 'हे सगळ्यांचं आहे, त्यांनाही राहू द्या, मलाही राहू द्या' असं सांगायला त्या आख्ख्या अर्जात जागा नव्हती. मालक कोण, एवढंच त्याला विचारता येत होतं.

शेवटी मी बाईंना म्हणाले, मग त्या क्लासवाल्यालाच भेटू. समोरासमोर लाज वाटतेच माणसाला.

क्लास एका चार मजली इमारतीत होता. खाली झेरॉक्सची दुकानं, जिन्यात चपलांचा ढीग, भिंतीवर गुणवंतांचे फोटो. चालवणारा माणूस पस्तिशीचा, लासलगावकडचा, बोलायला एकदम गोड. बाई वर आल्या तेव्हा त्यांना जिना चढून धाप लागली होती. त्यानं उठून स्वतःची खुर्ची दिली, पाया पडला.

"मीही झेडपीच्या शाळेतलाच, मॅडम. तुमच्यासारख्या बाई असत्या तर आज कुठल्याकुठं असतो."

"यांच्यावर चोरीची तक्रार तुम्हीच केलीय," मी म्हणाले.

"मी नाही हो, ताई. आम्ही आमचं सगळं एका एजन्सीला दिलंय. त्यांचं मशीन आहे. जुळणारं काही दिसलं की ते आपोआप पाठवतं. मला तर मेल आल्यावर कळतं."

"मशीनला पाठ कुणी दिले? तुम्ही. आमचे."

त्यानं टेबलाचा खण उघडला आणि त्यातून चिठ्ठी काढली. फोटो नव्हे, मूळ चिठ्ठी, विहारात वाटलेली. "आमच्या एडिटरच्या मामांनी आणून दिली होती कार्डासोबत," असं म्हणून त्यानं ती मोठ्यानं वाचली, चांगल्या आवाजात, पॉज घेऊन. "'वापरावे, वाढवावे, वाटावे.' वापरलं. बासरी टाकून वाढवलं. वाटतोय. यात आमचं काय चुकलं ते सांगा."

"'दुसऱ्याचे बंद पाडावे' असं कुठं लिहिलंय त्यात?"

"तसं करू नये असंही नाही लिहिलं, ताई." मग त्यानं चहा मागवला.

मी बोलायला तोंड उघडलं तसा बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघून कुजबुजल्या. त्याला ऐकू येईना. तो वाकला, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"मुलं दिवाळीनंतर निघतात. तोवर परत दिसतील असं काय करता येईल?"

त्यानं विचार केल्यासारखं केलं आणि मग प्रिंटरमधून एक कागद काढून पुढे ठेवला. तो आधीच तयार होता. सदर सर्व पाठ आमच्या संस्थेच्या मालकीचे असून, संस्था बाईंना ते विनामूल्य दाखवण्याची परवानगी देत आहे. खाली बाईंच्या सहीची जागा. हा कागद एजन्सीला पाठवला की एजन्सी तक्रारी मागे घेईल, म्हणाला.

"यावर सही करायची नाही, बाई," मी म्हणाले. "हे उलटं आहे. तुमचेच पाठ दाखवायची हे तुम्हाला परवानगी देणार?"

"पेन आहे का?" बाई त्याला म्हणाल्या.

आणि ज्या बाईंनी 'माझं आहे' हे खरं वाक्य लिहायला नकार दिला होता, त्यांनी 'त्यांचं आहे' या खोट्या वाक्याखाली, फळ्यावर लिहितात तशा गोल अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बाई म्हणाल्या, "खोटं होतं, ठाऊक आहे मला. बारा दिवस राहिलेत."

चार दिवसांनी चॅनेल बंद झालं.

झालं असं की आम्ही चहा पीत होतो तेव्हा तिसरी तक्रार एजन्सीच्या यंत्रातून आधीच निघालेली होती. कागद माणसांचा, तक्रार यंत्राची, दोघांची गाठच पडली नाही. सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी पाठ गेले. जे त्या क्लासनं घेतले नव्हते, कार्डांत नव्हते, ज्यांच्यावर कुणाची काही तक्रार नव्हती, तेही गेले. पत्त्यावर गेलं की एक रडका चेहरा दिसायचा आणि खाली, हे चॅनेल वारंवार उल्लंघनामुळे उपलब्ध नाही. वारंवार उल्लंघन! बाईंनी जन्मात एकदाही लाल सिग्नल ओलांडला नसेल.

क्लासवाल्यानं माझा फोन दोनदा उचलला. "एजन्सीला सांगितलंय, ताई." तिसऱ्यांदा उचलला नाही. एजन्सीचा मेल आला की आपली विनंती नोंदवली आहे. साईटला मी लिहिलं, या वेळी दोनच ओळी लिहिल्या, एकही विशेषण नाही. सोबत बाईंची सही असलेला कागद जोडला. उत्तर आलं की कागदानुसार साहित्य दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने आमचा निर्णय योग्य होता. दुसऱ्यांदा मी त्यांना त्यांचा पुरावा पुरवला होता. मग मी वकिलाकडे गेले. ओळखीचे, आमच्याच चळवळीतले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मूळ फाइली कुठं आहेत?

मूळ फाइली शोधायला मी कॉलनी पालथी घातली. कार्डं वाटली होती ना, सत्त्याऐंशी नाही तर त्यातले चाळीस पाठ तरी मिळतील. एका काकूंनी कार्ड काढून दिलं, त्यात नातवाच्या बारशाचे फोटो. "पाठ होते गं आधी, पण जागाच पुरेना." एका काकांच्या कार्डात सगळी प्रवचनं. एकानं ते गाडीतल्या टेपला लावलं होतं, त्यात गाणी. विहाराच्या कपाटात एक कार्ड जसंच्या तसं मिळालं, पाकीट न उघडलेलं. मी पळत बाईंकडे गेले. फोनमध्ये घातलं तर रिकामं. भरायचंच राहून गेलं होतं.

कुणावर रागवायचं? सगळ्यांनी मी सांगितलं तसंच केलं होतं. ज्याला हवं तसं वापरलं.

पूर्ण पाठ शिल्लक होते ते फक्त त्या क्लासच्या ॲपमध्ये, पैसे भरणाऱ्यांसाठी कुलपात. शेडमधल्या फोनवर ते ॲप उतरतसुद्धा नाही. मी प्रयत्न करून पाहिला. इतका नवा फोन तिथं कुणाकडे नसतो.

दिवाळी झाली. घरं निघाली. बाई म्हणाल्या, आवाज तुझा घेऊ. त्या शेजारी बसून ओठांनी सांगणार, मी मोठ्यानं म्हणणार. मी डोंगरातली बोली बोलत नाही, मला ती कळते निम्मी. तरी केलं. नवं चॅनेल माझ्या नावानं काढलं, कारण बाईंच्या नावानं आता काढता येत नव्हतं. फळा तोच, सुतळी तीच. पहिला पाठ दशकाचा. मग भाकरीचा. आठवडाभरात अकरा झाले.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आहे. हरसूलच्या बाजारापासून आत एका पाड्यावर राहते, आता दिंडोरीकडच्या बागेत होती, सोबत तिची दोन मुलं आणि शेडमधली आणखी सहा-सात. तिला मी लिंक पाठवली आणि चार दिवसांनी फोन केला.

"बघितलं का मुलांनी?"

"बघितलं ना, ताई."

"मग?"

"राग नका मानू."

"नाही मानत. सांग."

"पोरं म्हनत्यात, ही बाई कोनाशी भांडती? बारकी तर रडायलाच लागली. आमची बाई नाय का आता? ती लय गमतीनं सांगायची. तुमी बोलता ना, तं त्यांला वाटतं काय चुकलं आपलं."

फोन स्पीकरवर होता. बाई ऐकत होत्या.

मी माझा दशकाचा पाठ लावला आणि पहिल्यांदा तो बाहेरच्या माणसासारखा ऐकला. 'दहा सुट्या काड्या एकत्र आल्या की' असं मी म्हणत होते, आणि पुढे कुणाला तरी इशारा येणार असं वाटत होतं. सभेतला आवाज. चौकात उभं राहून कमावलेला, भोंग्याशिवाय शंभर माणसांपर्यंत पोचणारा. माझ्याकडे दुसरा नाही. मी कधी कमावलाच नाही.

"हळू म्हण," बाई ओठांनी म्हणाल्या. "काड्या आहेत त्या. मोर्चा नाही."

मी हळू म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी स्वतः म्हणून दाखवायला तोंड उघडलं. ओठ हलले, हात हलले, भुवया वर गेल्या, पुढे काहीतरी गंमत येणार असं सगळा चेहरा सांगत होता, आणि आवाज काही आला नाही. त्यांनी घशाला हात लावला आणि पाणी पिऊन आल्या.

संध्याकाळपर्यंत पाच वेळा केलं. पाचवं त्यातल्या त्यात बरं होतं, ते चढवलं. आता जानेवारी संपत आलाय, बागांत काढणी सुरू आहे. त्या विद्यार्थिनीचा फोन लागत नाही, रिचार्ज संपलं असेल. तो पाठ किती जणांनी पाहिला ते खाली दिसतं. दोन. एक मी. दुसरं कोण ते मी बाईंना विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "चुका काढायला बघितला. अजून रागातच आहेस."